विंचू चावतो पायाला, घाव बसतो काळजाला



रेडिओवरच्या आमच्या आरोग्याच्या तासात आम्ही सोयाबीन काढणीच्या आधी विंचवावर बोललो होतो. पंधरा-वीस मिनिटांचं बोलणं होतं. पण त्यानंतर फोन येत राहिले आणि दोन-तीन गटांनी सांगितलं, की हे छापून द्या, म्हणजे बैठकीत वाचता येईल. म्हणून तेच बोलणं थोडं नीट करून, फोनवर आलेले प्रश्न त्यात घालून इथं देत आहोत. एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, अशा बेतानं लिहिलं आहे.

सुरुवात एका फोनपासूनच करतो. मंठा तालुक्यातल्या एका गावच्या ताई बोलत होत्या. नाव-गाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. त्यांचा सहा वर्षांचा नातू संध्याकाळी वावरातल्या सोयाबीनच्या गंजीजवळ खेळत होता. पायाला काहीतरी चावलं म्हणून ओरडत आला. आईनं पाहिलं, अंगठ्याजवळ बारीकसा लाल ठिपका. गंजीखाली विंचू सापडला, बोटाएवढा, तांबूस. "एवढासाच होता हो," ताई आम्हाला म्हणाल्या. लेकराला गावातल्या विंचू उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं मंत्र म्हटला, कडुलिंबाचा डहाळा फिरवला. अर्ध्या-पाऊण तासात लेकरू रडायचं थांबलं. विंचू उतरला, असं सगळ्यांनी म्हटलं आणि घरी आणून निजवलं.

थोड्या वेळानं पोरानं उलटी केली. मग पुन्हा एक. घामानं सदरा भिजला. आईला वाटलं, घाबरलाय, दमलाय. रात्री अकराच्या सुमाराला आजीनं अंगावर पांघरूण घालताना हात लावला, तर हाताचे पंजे आणि तळपाय थंडगार. पोट मात्र गरम. आणि श्वास असा, की छाती भात्यासारखी वरखाली होतेय. तिथून धावपळ सुरू झाली. जालन्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा पोरगं खोकत होतं आणि तोंडाला गुलाबीसर फेस येत होता. डॉक्टरांनी सांगितलं, याच्या हृदयाला विष लागलंय, फुफ्फुसात पाणी भरलंय.

लेकरू वाचलं. पाच दिवसांनी घरी आलं. पण ताईंचं एक वाक्य आमच्या सगळ्यांच्या मनात राहिलं. त्या म्हणाल्या, "ते रडत होतं तवर आम्ही जागे होतो. रडायचं थांबलं आणि आम्ही निवांत झालो."

आजचं सगळं बोलणं या एका चुकीबद्दल आहे.

हार्ट अटॅक म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पन्नाशी-साठीचा माणूस, शुगर-बीपी, तंबाखू-बिडी, आणि हृदयाला रक्त पुरवणारी नळी चोंदलेली. ते बरोबरच आहे, बहुतेक झटके तसेच येतात. पण हृदय कोलमडायला नळीच चोंदावी लागते असं नाही. धडधाकट, तरुण, कधी डोकंसुद्धा न दुखलेल्या माणसाचं हृदय एका रात्रीत थकून जाऊ शकतं. लाल विंचवाच्या दंशात नेमकं हेच होतं. ईसीजी काढला तर पट्टीवर अटॅकसारखे बदल दिसू शकतात, सोनोग्राफीत हृदयाचं आकुंचन मंदावलेलं दिसतं. नळ्या मात्र मोकळ्या असतात. म्हणून उपचारही वेगळा असतो, आणि म्हणूनच डॉक्टरांना "विंचू चावलाय" किंवा "काहीतरी चावलंय" हे पहिल्या वाक्यात सांगावं लागतं. रात्री अंधारात चावलेलं दिसत नाही. काटा टोचला असं वाटतं. एखादी बाई दोन-तीन तासांनी छाती दडपते, दम लागतो म्हणून दवाखान्यात गेली आणि त्या काट्याची गोष्ट तिला आठवलीच नाही, तर डॉक्टर नेहमीच्या अटॅकच्या वाटेनं जाणार. त्यांना तरी कसं कळावं?

आता हा विंचू कोणता, ते बघू. आपल्याकडे लोक घाबरतात ते मोठ्या काळ्या इंगळीला. ती दिसायला भयंकर, नांगी उगारली की अंगावर काटा येतो, चावली तर दुखतंही खूप. पण तिच्यामुळे हृदयावर संकट येणं क्वचित. जिवावर बेततो तो लाल विंचू. रंगानं तांबूस-पिवळसर, कधी विटकरी. लांबी साधारण दोन-तीन इंच. त्याचे पुढचे आकडे बारीक, चिमट्यासारखे असतात आणि शेपूट मात्र जाड. इंगळीचं उलटं, आकडे जाड आणि शेपूट त्या मानानं बारीक. ज्याच्या हातात जोर कमी, त्यानं विषावर भिस्त ठेवलेली, असं लक्षात ठेवा. हा लाल विंचू कोकणात आहे, पश्चिम महाराष्ट्रात आहे आणि आपल्या मराठवाड्यातही आहे. आंध्र, तेलंगण, कर्नाटकातही आहे. तरी विंचू ओळखत बसण्यात वेळ घालवू नका. तो पळाला असेल तर शोधूही नका. माणसाकडे बघा.

विष काय करतं, ते साध्या भाषेत सांगतो. आपल्या शरीरात अशा नसा आहेत, ज्यांना आपण हुकूम देत नाही, त्या आपापलं काम करतात. घाम आणणं, लाळ सुटणं, हृदयाचे ठोके वाढवणं, रक्तवाहिन्या आवळणं. घाबरल्यावर छाती धडधडते आणि हात गार पडतात ना, ते या नसांचंच काम. लाल विंचवाचं विष या नसांचं बटण चालू करतं आणि ते बंदच होऊ देत नाही. म्हणजे शरीराला वाटतं, समोर वाघ उभा आहे, आणि तो वाघ तासन् तास जातच नाही. आधी उलट्या आणि घाम. मग हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं, शिवाय विषाचा मारा हृदयाच्या स्नायूवरही असतोच. चढावर भरलेली बैलगाडी ओढणाऱ्या बैलासारखी त्याची गत होते. शेवटी ते रक्त पुढं ढकलू शकत नाही आणि रक्तातलं पाणी मागं फुफ्फुसात झिरपतं. दम लागतो, आडवं होता येत नाही, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. ही शेवटची पायरी काही जणांत तासाभरात येते, पुष्कळांत काही तासांनी. मधला जो वेळ आहे, तोच आपल्या हातातला.

हे सगळं डॉक्टरांना तरी कधी कळलं? इथं आपल्याच जिल्ह्याच्या एका माणसाची गोष्ट सांगायला हवी. भोकरदन तालुक्यात देहेड नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले हिंमतराव बावस्कर हालअपेष्टांत शिकून डॉक्टर झाले आणि १९७६ मध्ये कोकणात, रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तिथं त्यांच्यासमोर विंचू चावलेली माणसं, लेकरं येऊ लागली आणि काही जण डोळ्यांदेखत जाऊ लागले. पुस्तकात नीट उपाय नव्हता. मग त्यांनी दुसरं काही न करता रुग्णाच्या खाटेशी बसून राहायचं ठरवलं. कुणाला घाम कधी आला, उलटी कधी झाली, हात गार कधी पडले, दम कधी लागला, सगळं टिपत गेले. त्यातून त्यांना दिसलं, की हृदय कोलमडण्याच्या आधी शरीर खुणा देतं, आणि त्या खुणा ओळखायला कोणतंही मशीन लागत नाही. त्यांचं हे निरीक्षण १९८२ मध्ये लॅन्सेट या इंग्लंडच्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्याच एका केंद्रातलं निरीक्षण जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं!

खुणा कळल्या, पण औषध? सुरुवातीला त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारं एक औषध सलाईनमधून देऊन पाहिलं. ते चालत होतं, पण थेंबाथेंबावर नजर ठेवावी लागायची, खेड्यात ते जमणं अवघड. मग त्यांना प्राझोसिन सापडलं. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. विषानं आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते, हृदयासमोरचा चढ उतरतो. १९८६ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा यावरचा लेख लॅन्सेटमध्येच आला. ही गोळी येण्याआधी गंभीर रुग्णांतले शंभरात पंचवीस-तीस दगावत. गोळी वेळेवर मिळू लागल्यावर तो आकडा एकाच्या आसपास आला. पुढं मुंबईच्या हाफकिनची विंचवाच्या विषावरची लसही मिळू लागली. २०११ मध्ये बावस्कर दांपत्यानं महाडमधल्या ७० रुग्णांचा अभ्यास छापला. गोळी आणि लस दोन्ही मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले, फक्त गोळी मिळालेल्यांना जवळपास १८ तास लागले. म्हणजे लस असेल तर उत्तमच, पण लस नसली तरी गोळीनं माणूस सावरतो. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "देहेडचा माणूस आणि हे आपल्यालाच कसं माहीत नाही?" उत्तर आमच्याकडे नव्हतं.

आता खुणा. हा भाग सावकाश वाचा, जमलं तर दोनदा.

विंचू चावला, जागा आगीसारखी झोंबतेय, ठणका कंबरेपर्यंत चढलाय, माणूस ओरडतोय, पण उलटी नाही, अंगभर घाम नाही, हातपाय गरम आहेत. अशा माणसाचं बहुधा दुखण्यावरच निभावतं. बहुतेक दंश याच प्रकारचे असतात. ठणका काही तासांनी आपोआप कमी होतो.

दुसरा माणूस. त्याला दुखणं त्या मानानं बेताचं. तो ओरडत नाही. पण एक-दोन उलट्या झाल्या. घाम असा, की कपडे पिळावेत, अंथरूण ओलं व्हावं. तोंडात लाळ जास्त सुटतेय, चिकट. हाताचे पंजे, तळपाय गार. नाडी खूप जलद, किंवा कधी उलट मंद. छातीत धडधड. या माणसाच्या हृदयापर्यंत विष पोचलंय. तो शांत दिसतो म्हणून फसू नका. ठणका किती आहे यावरून विष किती चढलं हे मोजता येत नाही. कमी दुखणाराच कधी कधी जास्त धोक्यात असतो.

आणखी एक खूण आहे. रेडिओवर ती सांगताना आम्ही जरा अडखळलो, पण सांगितली. मुलगा असो की मोठा पुरुष, विष चढलं की लिंग ताठ होतं आणि तसंच राहतं. इच्छेचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्याच नसांचा हा खेळ. दोन वर्षांच्या बाळातही होतं. डॉ. बावस्करांनी सुरुवातीच्या खुणांत ही खूण आवर्जून सांगितली आहे. लेकराची चड्डी बदलताना आईच्या ध्यानात आली, तर लाजून गप्प राहू नये, डॉक्टरांना सांगावी.

हात गार आहेत की नाही हे कसं पाहायचं? आपला पालथा हात आधी त्याच्या पोटाला लावा, मग तळहाताला, मग तळपायाला. फरक लगेच कळतो. दर पंधरा मिनिटांनी पाहा. फोनवर वेळ बघून कागदावर लिहून ठेवता आलं तर फारच छान: चावलं किती वाजता, उलटी किती वाजता, हात गार कधीपासून. दवाखान्यात डॉक्टरांना हा कागद फार उपयोगी पडतो.

लहान मुलांबाबत मात्र खुणांची वाट बघू नका. अंग लहान, विष तेवढंच. चौदा-पंधरा वर्षांच्या आतलं लेकरू, गरोदर बाई, म्हातारी माणसं, आधीच हृदयाचा आजार असलेली माणसं यांना विंचू चावला, की सरळ दवाखाना.

घरी काय करायचं? फार थोडं. माणसाला आडवं करा, धीर द्या, अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी चावल्या जागेजवळ असतील तर काढून ठेवा. जागा साबण-पाण्यानं धुवा. ठणक्यावर थंड पाण्याची घडी ठेवली तर चालते. बस. ब्लेडनं चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, दोरीनं आवळून बांधायचं नाही, तुरटी तापवून चिकटवायची नाही. चिरून विष निघत नाही, जखम तेवढी होते. दारू तर अजिबात नको, काही घरांत अजून पाजतात. मग १०८ ला फोन. गाडीला वेळ लागेल असं वाटलं तर गावात ज्याची जीप, रिक्षा, मोटारसायकल असेल त्याला उठवा. मोटारसायकलवर न्यायचं झालं तर मधे बसवून मागून कुणीतरी धरा, चालवत मात्र नेऊ नका. चालण्यानं, धावण्यानं आधीच दमलेल्या हृदयावर आणखी ओझं पडतं.

जायचं कुठं? आधी जे जवळ असेल तिथं. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर तिथं, नाहीतर मंठ्याला ग्रामीण रुग्णालयात. थेट जालन्याला न्यावं असं पुष्कळांना वाटतं, मोठा दवाखाना म्हणून. पण तळणी-हेलसकडून जालना म्हणजे रस्त्यात दीड तास सहज जातो, आणि गोळी सुरू व्हायला हवी ती पहिल्या तासा-दोन तासांत. गोळी जवळच्या केंद्रात सुरू करून, गरज लागली तर डॉक्टर पुढं पाठवतात. तसं पाठवलं, तर कागद मागून घ्या, त्यावर गोळी किती वाजता दिली ते लिहिलेलं असावं.

गोळीबद्दल दोन गोष्टी आयांनी लक्षात ठेवायच्या. पहिली, ही गोळी घरात आणून ठेवून आपल्या मनानं द्यायची नाही. वजनावर मात्रा असते. डॉक्टर रक्तदाब पाहून देतात आणि हातपाय गरम होईपर्यंत साधारण दर तीन तासांनी पुन्हा देतात. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं. गोळीनं रक्तवाहिन्या सैल होतात, अशात एकदम उठवून बसवलं किंवा उभं केलं तर रक्तदाब धाडकन पडून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. लेकरू रडलं की आई आपसूक उचलून खांद्याला लावते. कोण नाही लावणार? पण त्या रात्री नाही. त्याच्या शेजारी आडवं व्हा, तोंडावरून हात फिरवा, पण उचलू नका. लघवीलाही उठवू नका, खाटेवरच भांडं लावा. मात्र लेकराला दमच लागला असेल, आडवं राहवत नसेल, तर डॉक्टर-नर्सला लगेच हाक मारा. अशा वेळी कसं ठेवायचं, ऑक्सिजन लावायचा का, सलाईनमधून दुसरं कोणतं औषध द्यायचं, हे ते ठरवतील.

एका ताईंचा प्रश्न होता, की आमच्या मुलीला एका दवाखान्यात फक्त उलटीचं आणि ॲलर्जीचं इंजेक्शन देऊन, वरून दोन बाटल्या सलाईन लावून घरी पाठवलं, हे बरोबर का? कोणता दवाखाना ते सांगण्यात अर्थ नाही. पण प्रश्न योग्य आहे. ॲलर्जीच्या इंजेक्शनानं विंचवाचं विष उतरत नाही. आणि दमलेल्या हृदयावर सलाईनचा भडिमार झाला तर फुफ्फुसात पाणी भरायला मदतच होते. घाम-उलट्यांनी शरीरातलं पाणी गेलेलं असतं हेही खरं, म्हणून किती द्यायचं हे डॉक्टरांनी पाहून ठरवायचं असतं. आपण भांडण काढायचं नाही, पण नम्रपणे एवढं विचारायचं: "डॉक्टरसाहेब, हातपाय गार आहेत, घाम येतोय. प्राझोसिन द्यावी लागेल का?" असा नेमका प्रश्न ऐकला, की डॉक्टरही थांबून पुन्हा बघतात, हा आमचा अनुभव आहे. मुलीचं ठीक झालं, नशीब. पण खुणा असतील तर रात्रभर तरी दवाखान्यात देखरेखीखाली राहायचं, दोन तासांत बरं वाटलं म्हणून घरी यायचं नाही.

आता विंचू उतरवणाऱ्यांबद्दल. यावर फोन सगळ्यांत जास्त आले, त्यातले काही रागाचे. "आमच्या आजोबांनी शेकडो विंचू उतरवले, एक पैसा घेतला नाही," असं एका मैत्रिणीनं सांगितलं. आम्ही त्यांच्या आजोबांना लबाड म्हणत नाही. रात्री-अपरात्री उठून फुकट धावून येणारा माणूस गावाला हवासाच वाटतो. पण हिशेब पाहा. वर सांगितलं, की बहुतेक दंश फक्त ठणक्याचे असतात आणि तो ठणका काही तासांत आपोआप ओसरतो. त्या तासांत मंत्र म्हटला तर मंत्रानं उतरला असं वाटणारच. शंभरातले नव्वद जण बरे होणारच होते, त्यांच्या जोरावर उरलेल्यांचा भरवसा बसतो. आणि नेमक्या त्या उरलेल्यांचा मोलाचा वेळ तिथं जातो. फोन करणाऱ्या ताईंच्या सासूबाईंचं एक लेकरू तीसेक वर्षांपूर्वी असंच गेलं होतं. "विंचू उतरलाच नाही, डोक्यात चढला," असं तेव्हा म्हटलं गेलं होतं. तो डोक्यात चढला नव्हता, हृदयावर उतरला होता.

आमच्यातल्या काहीजणींचं म्हणणं पडलं, की मांत्रिकाला सरळ बंद करा. आम्ही बाकीच्यांनी वेगळं सुचवलं. गावातल्या उतरवणाऱ्यालाच गटाच्या बैठकीला बोलवा. त्याला या खुणा सांगा. म्हणा, काका, तुमच्याकडे माणूस आला की आधी हातपाय गार आहेत का बघा, उलटी झाली का विचारा, लेकरू असेल तर थांबूच देऊ नका, मंत्र गाडीत म्हणा. एका गावात असं झालंय आणि ते काका आता स्वतःच १०८ ला फोन लावतात.

राहिलं विंचू चावू नये म्हणून काय करायचं. हे आपल्याला आपल्या आज्यांनीच शिकवलेलं आहे, तरी एकदा उजळणी. विंचू रात्रीचा फिरतो, दिवसा गारव्याला लपून बसतो. उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसात आणि मग सोयाबीन-कापसाच्या काढणीत त्याची गाठ जास्त पडते. गोवऱ्यांच्या राशीत, पऱ्हाट्या-तुराट्यांच्या भाऱ्यात, दगडांच्या गडग्यात, कवेलूत, भिंतीच्या भेगेत तो असतो. भल्या पहाटे चूल पेटवायला अंधारात गोवरी उचलणारी बाई असते आणि चावतो तो बहुतेक हातालाच. म्हणून सरपण, गोवऱ्या आदल्या संध्याकाळी उजेडात काढून चुलीपाशी आणून ठेवा, काठीनं हलवून मगच उचला. राशी घराच्या भिंतीला लागून नकोत. खाट भिंतीपासून वीतभर लांब ओढा, पांघरूण झटकून घ्या, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा. जमिनीवर झोपणाऱ्यांनी तरी मच्छरदाणी हवीच. बूट, चपला, शाळेचं दप्तर झटकूनच. लेकरांना रात्री लघवीला अनवाणी पाठवू नका. अंगणात कोंबड्या असल्या तर त्या विंचू टिपतात, अंड्यांशिवायचा हा फायदा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो ना, ते खरंच आहे, मादी पिलांना पाठीवर घेऊन फिरते. एक मादी दिसली आणि मारली तर पाठीवरची बारीक पिलं सैरावैरा पळतात, तेव्हा आजूबाजूला मुलं नसावीत.

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायचं आहे. कोपीत जमिनीवर, पाचटावर झोपायचं, पहाटे तीन-चारला अंधारात उठायचं, गाव अनोळखी. टोळी जिथं उतरेल तिथं पहिल्याच दिवशी मुकादमाकडून जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव आणि रस्ता विचारून घ्या. रात्री लेकरू चावल्यावर शोधायला निघायचं म्हणजे तासभर गेलाच समजा. १०८ महाराष्ट्रात कुठूनही लागतो. कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलात तरी तिथंही हाच नंबर चालतो.

शेवटचा प्रश्न तळणीकडच्या एका गटाचा होता. विंचू चावून गेलेल्या हृदयाचं पुढं काय, पोरगं आयुष्यभर हृदयाचं रुग्ण राहणार का? नाही. नळी चोंदून आलेल्या अटॅकमध्ये स्नायूचा तुकडा मरतो, तो परत येत नाही. इथं बहुतेक वेळा तसं नसतं. विषाचा जोर सरला, की दमलेला स्नायू काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पुन्हा नीट काम करू लागतो. डॉक्टर बोलावतील तेव्हा तपासणीला जायचं, ते सांगतील तोवर धावपळीचे खेळ टाळायचे. त्या ताईंचा नातू आता शाळेत कबड्डी खेळतो. गंजीजवळ मात्र जात नाही, चेंडू तिकडं गेला की आजीला हाक मारतो.

एक काम मात्र सुगी सुरू व्हायच्या आत करून टाका. गटातल्या दोघी-तिघींनी आशाताईंना सोबत घेऊन आपल्या आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, की प्राझोसिनच्या गोळ्या आज कपाटात आहेत का, विंचवाची लस आहे का, रात्री डॉक्टर नसतील तर कुणाला उठवायचं. सापाची लस आहे असं सांगतील, ती वेगळी, विंचवाला चालत नाही. गोळ्या नसतील तर तिथंच मागणीचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि गावाच्या आरोग्य समितीच्या बैठकीत तो विषय घ्या. उत्तर काय मिळालं ते आम्हाला फोन करून कळवा. कोणत्या केंद्रात गोळी आहे आणि कोणत्या नाही, ते आम्ही पुढच्या महिन्याच्या आरोग्याच्या तासात गावांच्या नावानिशी वाचून दाखवणार आहोत.